मोठीनं खाल्लेले पाच पॅनकेक

पहिला पॅनकेक तव्याला असा चिकटला की उलथन्यानं खरवडून काढताना त्याचे तीन तुकडे झाले. लिफ्टवाल्यानं ते तुकडे उभ्याउभ्याच तोंडात टाकले, तवा पुसला आणि स्वतःची समजूत घातली की पहिला कुणाचाच नीट होत नाही. हे त्याला कामावरच्या कॅन्टीनवाल्या बाईंनी सांगितलं होतं. गेले पंधरा दिवस तो दुपारच्या सुट्टीत त्यांच्या ओट्याशी उभा राहून शिकत होता. गव्हाचं पीठ दोन वाट्या, भरडलेले ओट्स अर्धी वाटी, एक पिकलेलं केळं काट्यानं चेचून, दोन अंडी, दूध लागेल तसं. साखर नाही. पीठ फार घोटायचं नाही, गाठी राहिल्या तर राहू द्यायच्या, आणि कालवून झालं की दहा मिनिटं त्याच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. आच किती ठेवायची तेही बाईंनी सांगितलं होतं. पण नेमक्या त्याच दुपारी एका दवाखान्याची लिफ्ट अडकली होती आणि त्याचे कान फोनकडे लागले होते.

तर आच मोठीच राहिली.

घरात त्याला सगळे लिफ्टवालाच म्हणत. नाव ठेवलं होतं बहिणीनं, तो अठराव्या वर्षी हाताला ग्रीस लावून पहिल्यांदा घरी आला तेव्हा, चिडवायला म्हणून. ते असं बसलं की आता त्याची आईसुद्धा शेजारपाजारी ‘आमचा लिफ्टवाला’ असंच म्हणायची. दीड वर्षापूर्वी बायकोपासून वेगळा झाल्यावर या सात मजली इमारतीत त्याला पाचव्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या, त्याही इथली लिफ्ट जुनी आणि लहरी होती म्हणूनच. ती बंद पडली की लोक कंपनीला फोन करत नसत, सरळ त्याच्या दारावर थाप मारत.

आतल्या खोलीत दोन्ही मुली झोपल्या होत्या. शनिवारी यायचं, रविवारी संध्याकाळी आईकडे परतायचं, असं दीड वर्ष चाललं होतं. पण आजचा रविवार निराळा होता. मुलींची आई दातांच्या प्रयोगशाळेत काम करायची. कवळ्या आणि दातांवरच्या टोप्या घडवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिला आता दुसऱ्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेनं मुख्य म्हणून बोलावलं होतं, आगगाडीनं नऊ तासांवर. महिनाभरात ती जाणार होती. धाकटी चिमी सात वर्षांची, ती आईबरोबर जाणार हे सगळ्यांनी न बोलता धरून चाललं होतं. प्रश्न मोठीचा होता. मोठी तेराची, आणि शुक्रवारी तिनं आईला स्वच्छ सांगितलं होतं की मी बाबाकडे राहणार.

लिफ्टवाल्याला हे कळलं तेव्हा तो एका लिफ्टच्या छतावर बसून रुळांना तेल देत होता. त्यानं फोन ठेवला आणि त्याच रुळांना पुन्हा एकदा तेल दिलं. एवढ्या वर्षांत कुणी त्याला असं निवडलं नव्हतं. संध्याकाळी त्यानं नवी चादर आणली, मोठीच्या टेबलासाठी दिवा आणला, आणि रविवारी सकाळी सगळ्यांनी इथेच नाश्त्याला या, बसून शांतपणे ठरवू, असा निरोप तिन्ही बायकांना धाडला. आई, बहीण आणि बायको. दीड वर्षात त्या तिघी एका टेबलाशी बसल्या नव्हत्या.

आई आणि ताई साडेआठलाच आल्या. आईचे गुडघे दुखत असल्यामुळे ती लिफ्टनं आली आणि ताई लिफ्टवर विश्वास नसल्यामुळे जिन्यानं. ताई न्यायालयात लघुलेखक होती. एकवीस वर्षं लोकांची भांडणं शब्दन् शब्द उतरवून घेतल्यामुळे तिला कुठल्याही घरगुती गोष्टीत दोन पक्ष दिसायचे आणि भाऊ नेहमी आपल्या पक्षात. तिनं आल्याआल्या फ्रिज उघडून पाहिला, भाज्या आहेत हे बघून मान डोलावली, न्हाणीघराची कडी लागते का ते तपासलं. मग हलक्या आवाजात तिनं आपला बेत सांगितला. आठवड्यातून दोनदा ती स्वतः येऊन भाजी करून ठेवणार, शनिवारी आई येणार, बाकीचं मोठी बघेल. तेरा वर्षांच्या मुलीला कुकर लावता येतो, ताईला तर अकराव्या वर्षी येत होता.

“ती आली की तू फार बोलू नकोस,” ताई म्हणाली. “मुलीनं स्वतः सांगितलंय, तेवढं पुरे आहे.”

आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. गणवेश शिवण्याच्या कारखान्यात तिनं तीस वर्षं कापड कापलं होतं, आणि अजूनही समोर आलेल्या प्रत्येक माणसाच्या खांद्यांकडे ती मापं घेतल्यासारखी बघायची. तीही याच मताची होती. नात इथे राहिली तर मुलाचं घर घरासारखं होईल, असं ती गेले दोन दिवस ज्याला त्याला सांगत होती.

बायको बरोबर नऊ वाजता आली. हातात संत्र्यांची पिशवी. आईनं तिला जवळ बोलावून खांदे उतरलेत तुझे असं म्हटलं, ताईनं ‘बस’ म्हणून खुर्ची पुढे केली, आणि मग तिघी संत्री सोलत बसल्या. लिफ्टवाल्यानं तिच्याकडे चोरून पाहिलं. तिच्या बोटांना प्लॅस्टरची पांढरी पूड नेहमीसारखीच चिकटलेली होती, नखांच्या कडेला. त्यांचं बिनसलं कशावरून, हे विचारलं तर दोघांनाही धड सांगता आलं नसतं. तो केव्हाही वाजणाऱ्या फोनमागे धावत राहिला, ती दुसऱ्यांचे दात घडवत राहिली, आणि एके दिवशी लक्षात आलं की दूध कोण आणणार यापलीकडे बोलण्यासारखं काही उरलेलं नाही.

मुली उठून आल्या. मोठी उंच, लांब पायांची, केस अजून विस्कटलेले. आल्याबरोबर तिनं टेबलाशी बसलेल्या तिघी, रिकाम्या खुर्च्या आणि ओट्याशी उभा असलेला बाप असा सगळा हिशेब एका नजरेत केला आणि ताटल्या मांडायला घेतल्या. चिमी आईच्या मांडीवर जाऊन बसली.

पॅनकेक दिसायला झकास होते. दोन्ही बाजूंनी तपकिरी, कडा कुरकुरीत, एकावर एक सात-आठ रचलेले. वर केळ्याच्या चकत्या आणि मधाची एक रेघ. लिफ्टवाल्यानं ताटली टेबलावर ठेवली तेव्हा ताईसुद्धा वाकून बघायला लागली. मग तिनं वहिनीकडे बघत म्हटलं, की याच माणसाला चहा करता येत नाही अशी तक्रार होती ना. वहिनीनं ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

मोठीनं पहिला घास घेतला आणि म्हणाली की छान झालेत. मग तिनं तो अख्खा संपवला आणि दुसरा घेतला. दुसऱ्यानंतर तिसरा. लिफ्टवाला तव्यावर पुढचा घालता घालता मागे वळून बघत होता, आणि मोठीची ताटली रिकामी होताना बघून त्याला जे वाटत होतं ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून पुन्हा तव्याकडे वळत होता. बायकोनं एक तुकडा कापला, काट्यावर धरून नीट पाहिला आणि ताटलीच्या कडेला सारला. आईनं कड तेवढी खाल्ली.

चौथा. पाचवा.

“आत पीठ आहे,” चिमी म्हणाली. तिनं तोंडातला घास हातावर काढला होता. खरंच, मधोमध ओलं, पिवळसर पीठ होतं. “बाबा, आत कच्चंच आहे हे.”

टेबलाखाली मोठीचा पाय हलला आणि चिमी कळवळली.

“लाथ का मारतेस? तूच म्हणालीस ना, बाबानं काहीही केलं तरी छान म्हणायचं.” मग, आपल्याला कुणी खोटं पाडू नये म्हणून असेल, तिनं आजीकडे बघून बाकीचंही सांगून टाकलं. “दीदी म्हणते आपण दोघी गेलो तर बाबा जेवणारच नाही. उभ्याउभ्या ब्रेड खाईल आणि आजारी पडेल. म्हणून ती इथे राहणारे.”

लिफ्टवाल्याच्या हातातलं उलथनं तव्यावर तसंच राहिलं. पॅनकेक करपल्याचा वास सुटला तेव्हा कुठे त्यानं गॅस बंद केला.

सगळ्यांत आधी बोलली ताई. तिनं म्हटलं की मग यात वाईट काय, मुलीला बापाची माया आहे, याचा उलट अभिमान वाटायला हवा. तिचा आवाज नेहमीपेक्षा जरा चढा होता. बायको मोठीकडे बघत होती. रागानं नव्हे, एखाद्या अवघड साच्यात आत काय अडकलंय ते शोधावं तशी. मोठीनं मान खाली घालून ताटलीतला मध काट्यानं गोळा करायला घेतला होता. आणि आई, जी दोन दिवस नातीच्या राहण्याचं कौतुक सांगत होती, तिनं कपाळाला हात लावला होता.

तेवढ्यात दारावर थाप पडली. चौथ्या मजल्यावरच्या बाई सांगत होत्या की लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे अडकलीय आणि आत तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर आहेत.

लिफ्टवाल्याला त्या क्षणी मास्तरांचे पाय धरावेसे वाटले. त्यानं हत्यारांची पेटी उचलली. मोठीही उठली. तो नको म्हणाला, ती बॅटरी घेऊन आधीच दाराशी जाऊन उभी राहिली होती.

गच्चीवरची यंत्राची खोली म्हणजे चार पावलांची जागा. त्यानं मुख्य स्वीच पाडला, कुलूप घातलं, आणि लिफ्टच्या बोगद्यात वाकून मास्तरांना हाक मारली. खालून शांत आवाज आला की घाई नाही, वर्तमानपत्र बरोबर आहे, फक्त उजेड कमी आहे. लिफ्टवाल्यानं ब्रेकची दांडी एका हातानं उचलली आणि दुसऱ्या हातानं मोठं चाक फिरवायला सुरुवात केली, सावकाश, वीत-वीत. मोठीला त्यानं भिंतीशी उभं केलं आणि दोरावरच्या पिवळ्या खुणेवर उजेड धरायला सांगितलं. खूण चौकटीपाशी आली की ओरड.

मोठीनं विचारलं, ती वर का चाललीय, माणूस आत आहे तर खाली जायला हवी. त्यानं सांगितलं की मागे लोंबणारं वजन एकट्या माणसापेक्षा जड असतं, म्हणून ब्रेक सोडला की लिफ्ट वरच जाते. मोठीला ते पटायला थोडा वेळ लागला. मग खूण आली, ती ओरडली, त्यानं ब्रेक बसवला आणि दोघं जिन्यानं तिसऱ्या मजल्यावर धावले. किल्लीनं दार उघडल्यावर मास्तर वर्तमानपत्राची घडी घालून बाहेर आले, मोठीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले की पुढच्या वेळी बातम्या संपल्यावर काढलंत तरी चालेल.

दाराच्या कुलपातला वीज जोडणारा पितळी ठिपका काळा पडला होता, त्यानंच लिफ्ट थांबली होती. लिफ्टवाल्यानं तो काचकागदानं घासला आणि पुन्हा गच्चीवर जाऊन स्वीच चालू केला. एक फेरी वर, एक खाली, नीट चालली. आता खाली जायला हवं होतं. पण तो यंत्राच्या खोलीच्या पायरीवर बसला, आणि मोठी त्याच्या शेजारी.

“आत कच्चे होते,” तो म्हणाला.

“थोडेसेच.”

“मग पाच कसे खाल्लेस?”

मोठीनं बॅटरी चालू केली, बंद केली. भर उन्हात तिचा उजेड दिसतही नव्हता.

“तू बघत होतास,” ती म्हणाली.

लिफ्टवाल्याला वाटलं होतं मुलीनं त्याला निवडलंय. तिनं त्याला निवडलं नव्हतं, तिनं त्याला पत्करलं होतं. आणि ते कधी, हेही त्याला आता आठवायला लागलं. मागच्या हिवाळ्यात तो तापानं पडला होता तेव्हा शनिवारी मुली आल्या आणि मोठीनं ओट्यावरची ब्रेडची रिकामी वेष्टनं एकेक करून डब्यात टाकली होती. त्यानंतर दर शनिवारी आल्याबरोबर ती आधी कचऱ्याच्या डब्यात डोकावायची. त्याला वाटायचं मुलगी टापटिपीची आहे.

त्यानं तिला विचारलं की माझं सोड, बाबा नावाचा माणूस जगातच नाही असं समज, तर तुला कुठे राहायचंय. मोठी म्हणाली की असं समजता येत नाही. तो म्हणाला, बरं, बाबा आहे, पण पोटभर जेवतो, तब्येत ठणठणीत आहे, मग.

तेव्हा ती आधी चाचरत आणि मग भरभर बोलायला लागली. सुट्टीत आईनं तिला तिथली शाळा दाखवायला नेलं होतं. उंच उडी मारायला तिथे वाळूचा खड्डा नाही, जाड गादी आहे, कमरेएवढी. पडलं तरी लागत नाही, म्हणून पाठीवरून उडी मारता येते. इथे वाळूत ती येतच नाही, मान मोडेल. तिथल्या खेळाच्या बाईंनी तिला तीनदा उडी मारायला लावली आणि तिसऱ्यांदा ती एक मीटर चाळीस गेली. इथे शाळेत कुणी एक तीसही गेलेलं नाही. बाईंनी नाव लिहून घेतलंय.

“हे मला का नाही सांगितलंस?”

“तू म्हणाला असतास, जा.”

“मग?”

“मग मला जावं लागलं असतं,” मोठी म्हणाली आणि तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. “आणि तू म्हणतोस जेवतो, पण जेवत नाहीस.”

त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला ग्रीस होतं, ते लक्षात येऊन काढून घेतला. जेवतो असं वचन द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. वचनांवर ही मुलगी जाणार नव्हती, हे आज त्याला कळलं होतं.

ते खाली आले तेव्हा दार उघडंच होतं आणि आई बोलत होती. हळू बोलत होती, पण थांबत नव्हती, आणि ताई तिच्यासमोर हाताची घडी घालून उभी होती. लिफ्टवाला उंबऱ्यातच थबकला. आई त्याच्या आणि ताईच्या वडिलांबद्दल सांगत होती. ते वाईट नव्हते. पोस्टातली नोकरी केली, आवाज चढवला नाही. पण घरात वाढणारं कुणी नसलं की ते जेवत नसत. रुसून नव्हे, त्यांना ते सुचायचंच नाही. कारखान्यानं दुसऱ्या गावी शाखा काढली तेव्हा कापणीची सगळी खोली आईच्या हाताखाली देणार होते, सहा महिने तिथे राहायचं होतं. ती चार दिवस जाऊन परत आली. घरी अकरा वर्षांची पोर कुकर लावत होती आणि नवरा तिच्यासमोर बसून आमटी अळणी झालीय की नाही ते प्रामाणिकपणे सांगत होता.

“तुला कुकर लावता यायचा म्हणून तू नेहमी सांगतेस,” आई ताईला म्हणाली. “पण तू त्या वर्षी पोहण्याच्या स्पर्धेतून नाव काढून घेतलंस, ते कधी सांगत नाहीस. मीही कधी विचारलं नाही. मला वाटलं, मुलगी शहाणी आहे.”

एकवीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं टिपून घेणाऱ्या ताईला स्वतःबद्दलचं एक वाक्य सापडेना. मग ती खिडकीकडे वळून उभी राहिली, आणि बायको, जिच्याशी ती दीड वर्ष सरळ बोलली नव्हती, उठून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. हातबित धरला नाही. नुसती उभी राहिली.

लिफ्टवाला आत आला आणि बसायच्या आधीच म्हणाला, की मोठी आईबरोबर जाणार. कारण त्यानं थोडक्यात सांगितलं, गादी आणि एक मीटर चाळीस. बायकोला ते सगळं ठाऊक होतं. ती म्हणाली की मी मुद्दाम बोलले नाही, मी सांगितलं असतं तर मी ओढतेय असं झालं असतं. तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते लपवत नव्हती.

पण मोठी रागावली.

“मी हो म्हणालेच नाहीये,” ती म्हणाली. “गच्चीवर मी फक्त उडीचं सांगितलं. तुम्ही सगळे मिळून परस्पर ठरवताय. आधी राहा म्हणून ठरवलं, आता जा म्हणून.”

मुलगी खरं बोलत होती. बायकोनं लिफ्टवाल्याकडे पाहिलं. त्यानं हात धुतले, साबण दोनदा लावून, आणि ओट्याशी गेला.

भांड्यात अजून तीन पॅनकेकांपुरतं पीठ होतं. एवढ्या वेळात ते घट्ट झालं होतं, त्यानं थोडं दूध घातलं. मग त्यानं बायकोला विचारलं, आच किती ठेवायची. हे असं त्यानं तिला कधीच काही विचारलं नव्हतं, निदान स्वयंपाकाचं. ती जागेवरूनच म्हणाली, सगळ्यात बारीक. तवा आधी तापू दे, मग बारीक कर. वर बुडबुडे येतील, ते फुटून भोकं तशीच राहिली आणि कडा सुकल्या की उलट. त्याआधी हात लावू नकोस. ती उठली नाही, उलथनं मागितलं नाही. आई उठायला गेली तर तिनं आईच्या हातावर हात ठेवला.

खूप वेळ लागला. एका पॅनकेकला चार मिनिटं म्हणजे केवढी असतात, हे रिकाम्या हातांनी तव्याकडे बघणाऱ्यालाच कळतं. बुडबुडे आले, फुटले, भोकं राहिली. उलटला तेव्हा तो सगळीकडे सारखा तपकिरी नव्हता, एका बाजूला जरा फिकाच होता, पण फुगला. त्यानं तिन्ही करून एका ताटलीत घेतले आणि कुणालाही न विचारता आपल्या जागेवर येऊन बसला. खुर्ची पुढे ओढून, पाय टेबलाखाली घेऊन, काटा-सुरी मांडून. एकटं राहायला लागल्यापासून त्या टेबलाशी तो असा बसलाच नव्हता. टेबलावर एरवी हत्यारांची पेटी असायची.

“मला देणार नाहीस?” चिमीनं विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. “हे माझे आहेत. तू संत्रं खा.”

मोठी समोर उभी होती. त्यानं पहिला पॅनकेक मधून कापला आणि ताटली तिच्याकडे फिरवली. तिनं वाकून पाहिलं, मग बोटानं मधोमध दाबून पाहिलं, अगदी कुकरची शिटी तपासावी तितक्या गंभीरपणे. बोट कोरडं निघालं. तिनं ताटली परत त्याच्याकडे सरकवली.

तो खायला लागला. कुणाकडे न बघता, घास नीट चावून. केळ्याचा गोडवा आता कुठे जिभेला लागत होता. ताई खिडकीजवळून म्हणाली की तरीही मी बुधवारी येणारच आहे.

“ये,” तो म्हणाला. “पण जेवायला ये. करायला नको.”

ताईनं नाक ओढलं आणि बरं म्हणाली. आईनं सुनेला विचारलं की तिकडे थंडी कशी असते, मुलींना लोकरीचं काही शिवायला हवं का, आणि उत्तराची वाट न बघता मोठीच्या खांद्यांकडे बघून मनातल्या मनात कापड मोजायला लागली. बायको सांगत होती की दर महिन्याला एक शनिवार मुली येतील, आणि सुट्टीत पूर्ण. ते ठरेल, असं तो घास गिळून म्हणाला. ते आपण दोघं बसून ठरवू.

मोठी मात्र अजून उभीच होती. दुसरा पॅनकेक संपेपर्यंत ती त्याच्या हाताकडे आणि तोंडाकडे बघत होती. त्यानंही तिला बघू दिलं. तिसरा त्यानं ताटलीत घेतला, त्यावर मध घातला, आणि मग थोडा वेळ विचार करून आणखी थोडा घातला. तेव्हा मोठीनं खांदे सैल सोडले.

“एवढा मध नको घालूस,” ती म्हणाली. मग तिनं चिमीचा हात धरला. “चल, खाली जाऊ. तुला उडी दाखवते.”

दोघी चप्पल घालून बाहेर पडल्या. लिफ्टची वाट न बघता त्या जिन्यानंच धडधडत उतरल्या. पाचवा, चौथा, तिसरा, पावलांचा आवाज लहान लहान होत गेला. लिफ्टवाल्यानं तो शेवटपर्यंत ऐकला, आणि मग काटा पुन्हा हातात घेतला. त्याला चांगलीच भूक लागली होती.